अळंबीचं वाळवण : बचत आपली, भाव त्यांचा

(कागल पंचतारांकित एमआयडीसी परिसरातील कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. घरी करून पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी कृती सलग दिली आहे.)



आजचा विषय आहे घरच्या घरी अळंबी, म्हणजे मशरूम, वाळवण्याचा. आदिवासी पाड्यांवरच्या सेवाकार्यासाठी आपण जमतो, प्रार्थना करतो, दान देतो. त्यात हा स्वयंपाकघरातला विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. म्हणून आधी कारण सांगते.

आपली वसाहत नावाने पंचतारांकित. बाहेरगावच्या पाहुण्याला हे नाव ऐकून हॉटेल आठवतं. आपल्याला आठवते पहिली पाळी, दुसरी पाळी आणि पंचवीस तारखेच्या सुमारास तळाला गेलेला तेलाचा डबा. कागल-हातकणंगलेच्या या पट्ट्यात कापडाचे कारखाने आहेत, फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत. कसबा सांगाव, तळंदगे, हलसवडे, पट्टणकोडोलीची माणसं इथे कामाला येतात, पलीकडे निपाणीकडूनही येतात. परराज्यातली मुलं एकेका खोलीत चौघं-पाच जण मिळून राहतात. पगार वाढवणं आपल्या हातात नसतं. आणलेली भाजी वाया जाऊ न देणं मात्र आपल्या हातात असतं. हे झालं पहिलं कारण.

दुसरं कारण पाड्यांवरचं आहे. पावसाळ्यात रानात अळंबी उगवते. सकाळी वेचलेली अळंबी दिवस मावळायच्या आत विकावीच लागते, नाहीतर ती काळी पडते, तिला पाणी सुटतं, किडे होतात. विकणाऱ्या बाईला थांबता येत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. तो उशिरा येतो आणि भाव पाडून घेतो.

दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. माल नासका असेल तर माणसाला थांबता येत नाही आणि थांबता आलं नाही तर भाव मिळत नाही. वाळवण म्हणजे थांबण्याची सोय. आपल्या घरात ही सोय झाली तर किराण्याचे चार पैसे वाचतात. पाड्यावर झाली तर त्या बाईच्या कष्टाला मोल येतं. आज या दोन्ही बाजू एकत्र पाहू या.

वाळवण आपल्याला नवं नाही

कोल्हापूरच्या बायकांना वाळवण शिकवायला जाणं म्हणजे पंचगंगेला पाणी दाखवण्यासारखं आहे. उन्हाळा लागला की आपल्याकडे सांडगे होतात, कुरडया होतात, पापड होतात. वर्षाच्या चटणीची मिरची गच्चीवर पसरते. गवारी वाळवतात, कारल्याच्या काचऱ्या करतात, मेथी सावलीत सुकवतात. सुकट आणि बोंबील तर पावसाळ्यातला आधार. अळंबीचं वाळवण याच हाताने, याच डोळ्याने करायचं आहे. फक्त अळंबीत पाणी जास्त असतं, म्हणून दोन-तीन गोष्टी जपाव्या लागतात.

जगातही ही जुनी रीत आहे. हिमाचल आणि काश्मीरच्या डोंगरात गुच्छी नावाची रानअळंबी मिळते. ती वाळवून विकतात आणि तिचा किलोचा भाव हजारांत असतो. जपानमध्ये शिताके अळंबी वाळवून तिच्या पाण्याचा रस्सा करतात. वाळवल्यावर तिचा स्वाद कमी होत नाही, उलट वाढतो.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर वळिवड्याचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरातून उठवून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून इराणमार्गे हाल सोसत ती इथे पोहोचली. पुढे फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी कुटुंबांचं गांधीनगर उभं राहिलं. या पोलिश लोकांच्या देशात नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण बिनमांसाचं असतं आणि त्यात वाळवलेल्या अळंबीला मानाचं स्थान असतं. पानगळीच्या दिवसांत जंगलात वेचायची, दोऱ्यात ओवून वाळवायची आणि बर्फाच्या दिवसांत खायची, अशी त्यांची पद्धत. म्हणजे ज्या सणाला आपण करंज्या तळतो, त्याच सणाला दुसरीकडची ख्रिस्ती मंडळी अळंबीचं सूप वाढतात.

आधी हिशोब, मग वाळवण

पैसे वाचतात म्हणून जी गोष्ट सांगायची, तिचा हिशोब आधी मांडायला हवा. ताज्या अळंबीत साधारण ९० टक्के पाणी असतं. एक किलो ताजी अळंबी वाळवली की जेमतेम शंभर ग्रॅम हातात येते. समजा, तुम्हाला धिंगरी अळंबी दोनशे रुपये किलोने मिळाली. मग वाळलेली अळंबी तुम्हाला पडली दोन हजार रुपये किलो. आता सांगा, बचत कुठे झाली? नुसतं विकत आणून वाळवल्याने एक रुपयाही वाचत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याला हा हिशोब विचारा.

बचत होते ती तीन ठिकाणी.

पहिलं, टाकून देणं थांबतं. बटण मशरूमचं दोनशे ग्रॅमचं पाकीट आणलं, अर्धं वापरलं, अर्धं फ्रिजच्या कोपऱ्यात राहिलं. चार-पाच दिवसांनी ते चिकट होतं आणि कचऱ्यात जातं. पाकीट पन्नास रुपयांचं धरलं तर पंचवीस रुपये गेले. दर आठवड्याला असं झालं तर वर्षाला तेराशे रुपये. ज्या दिवशी पाकीट फोडलं त्याच दिवशी उरलेलं चिरून वाळत घातलं तर हे पैसे घरात राहतात.

दुसरं, एकदम आलेला माल घेता येतो. धिंगरीचं पीक रोज सारखं येत नाही. एका बेडवर बहर येतो, दोन-तीन दिवसांत सगळी अळंबी काढावी लागते, मग काही दिवस शांत, मग पुन्हा बहर. बहराच्या दिवसांत उत्पादकाकडे माल तुंबतो. पाच घरांनी मिळून त्याच्याकडून थेट आठ-दहा किलो घेतली तर पाकिटाचा, वाहतुकीचा आणि मधल्या हातांचा खर्च वाचतो. त्याला चांगला दर देऊनही आपल्याला दुकानापेक्षा स्वस्त पडतं.

तिसरं, तयार पाकिटं कमी होतात. सूपची पाकिटं, चवीचे चौकोनी तुकडे, आयते मसाले यांवर महिन्याला किती जातात ते एकदा लिहून काढा. वाळलेल्या अळंबीची एक चमचा पूड आमटीत किंवा पिठल्यात घातली की जी खोल चव येते, ती या पाकिटांची गरज बरीच कमी करते.

आणखी एक सांगते. वाळवायला वीज लावली तर हिशोब बदलतो. ५०० वॉटचं यंत्र आठ तास चाललं की चार युनिट जळतात. अर्ध्या किलोसाठी हे परवडत नाही. ऊन फुकट आहे, ते वापरा. सोलर ड्रायर गावात कुणाकडे असेल तर उत्तम.

कोणती अळंबी, कोणते दिवस

बाजारात आपल्याला मुख्यतः दोन जाती दिसतात. पांढरी गोल बटण, आणि शिंपल्याच्या आकाराची धिंगरी. बटणाला थंडी लागते, म्हणून आपल्याकडे ती बहुतेक वातानुकूलित खोल्यांत पिकवतात. धिंगरी साधारण २० ते ३० अंश तापमानात भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर, उसाच्या पाचटावरही येते. वाळवायला धिंगरी सोपी. ती पातळ असते, लवकर सुकते आणि रंगही फारसा बिघडत नाही. बटण वाळल्यावर तपकिरी पडते. ते दिसायला कसंतरी वाटलं तरी खायला चांगलं असतं.

दिवस निवडायचे ते दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतचे. हवा कोरडी असते आणि हिवाळ्यात धिंगरीचं पीकही चांगलं येतं. जून ते सप्टेंबर उन्हाच्या भरवशावर हे काम करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत अळंबी सुकायच्या आधी बुरशी धरते.

कृती

एक. अळंबी ताजी, घट्ट आणि कोरडी निवडा. चिकट, वास मारणारी, काळे डाग पडलेली घेऊ नका. वाळवल्याने खराब वस्तू चांगली होत नाही.

दोन. पाण्यात भिजवून धुऊ नका, ती स्पंजासारखं पाणी पिते. ओल्या फडक्याने पुसा, देठाचा मातीचा भाग कापून टाका. हात, पाट आणि सुरी मात्र स्वच्छ धुऊन कोरडी करा.

तीन. धिंगरी हाताने उभी फाडून बोटभर रुंद पट्ट्या करा. बटणाच्या चार-पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. सगळ्या सारख्या जाडीच्या हव्यात, नाहीतर काही वाळतात आणि काही आत ओल्या राहतात. बटण फार काळं पडू नये असं वाटत असेल तर चकत्या उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून निथळून घ्या.

चार. जाळीवर किंवा स्वच्छ सुती कापडावर एकच थर पसरा. खालून हवा लागली पाहिजे. जुन्या खिडकीच्या जाळीची चौकट दोन विटांवर ठेवली तरी चालते. वरून पातळ मलमल किंवा जुनी ओढणी ताणून बांधा.

ही ओढणी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. वसाहतीच्या रस्त्यावर दिवसभर ट्रकची धूळ उडते, फाउंड्रीच्या बाजूला काजळी बसते. रस्त्यालगतच्या गच्चीवर उघडं वाळत घालू नका. गावातल्या नातेवाइकाच्या अंगणात घालता आलं तर जास्त बरं.

पाच. दुपारी एकदा उलटा. ऊन उतरायच्या आत घरात घ्या, नाहीतर रात्रीचं दव सगळी मेहनत वाया घालवतं. कडक उन्हात दोन ते तीन दिवस लागतात. उन्हाचा आणखी एक फायदा आहे. आपल्या कातडीप्रमाणेच अळंबीतही उन्हामुळे ड जीवनसत्त्व तयार होतं.

सहा. वाळली की नाही हे असं ओळखा. तुकडा वाकवला तर कट् आवाज होऊन मोडला पाहिजे. चामड्यासारखा वाकला तर अजून एक दिवस ऊन द्या.

सात. थंड झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरा, पण बरणी काठोकाठ भरू नका. आठवडाभर रोज एकदा हलवा आणि बघा. काचेला आतून दमट वाफ दिसली तर परत उन्हात घाला. बुरशीचा ठिपका दिसला किंवा कुबट वास आला तर सगळी बरणी टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका. बरणीवर तारीख लिहा, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा. एका मोठ्या बरणीपेक्षा चार लहान बऱ्या. एक बिघडली तरी तीन राहतात.

आता अडचण पाळीची. पहिल्या पाळीला गेलेली ताई तीननंतर घरी येते, दुसऱ्या पाळीची रात्री. मग ऊन उतरताना चौकट आत कोण घेणार? म्हणून हे काम एकट्याने करू नका. शेजारच्या पाच घरांनी वाटून घ्या. एकीने पसरायचं, दुसरीने उलटायचं, तिसरीने आत घ्यायचं. सासूबाई किंवा आजी घरी असतील तर त्यांचा सल्ला घ्या, त्यांना उन्हाची वेळ आपल्यापेक्षा जास्त कळते.

रांधायचं कसं

वाळलेली अळंबी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी फेकू नका, कापडातून गाळून रश्श्याला घाला, सगळा स्वाद त्यातच असतो. चार माणसांच्या रश्श्याला वीस-पंचवीस ग्रॅम पुरते. कांदा-खोबरं भाजून वाटण करा, कांदा-लसूण चटणी घाला आणि आपल्या तांबड्या रश्श्यासारखा करा. अळंबी नीट शिजवा, कच्ची खाऊ नका. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी, काहींना ती मानवत नाही.

एक खरी गोष्ट सांगून ठेवते. अळंबीत प्रथिनं आहेत, पण चमचाभर पुडीने डाळीची जागा भरून निघत नाही. मुलांच्या ताटातली डाळ, उसळ, अंडं कमी करू नका. अळंबी ही जोड आहे.

रानातली अळंबी : जिवाशी खेळ नको

आज जी बरणी भरायची ती फक्त लागवडीच्या अळंबीची. पावसाळ्यात माळावर, बांधावर, झाडाच्या बुंध्याशी छत्र्या उगवतात. त्या वेचून आणू नका. विषारी अळंबी आणि खायची अळंबी कधीकधी इतक्या सारख्या दिसतात की जाणकारही थांबून विचार करतो.

या बाबतीत गैरसमज खूप आहेत. विषारी असेल तर चांदीचा चमचा काळा पडतो, असं म्हणतात. आपल्या शेजारी हुपरी आहे, चांदीची पेठ. तिथली शुद्ध चांदी पातेल्यात घातली तरी विष ओळखता येणार नाही. लसूण काळा पडतो हेही खोटं. किड्यांनी किंवा गोगलगाईने खाल्लेली असेल तर माणसालाही चालते, हेही खोटं. सर्वांत घातक विष शिजवल्याने जात नाही आणि वाळवल्यानेही जात नाही.

खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा उलट्या, जुलाब आणि पोटात कळा सुरू झाल्या तर जास्त भ्यायला हवं. मध्ये बरं वाटतं, माणूस निश्चिंत होतो आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली अळंबी सोबत घेऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

टोपली घेऊन बसलेली बाई

मग पाड्यावरची माणसं रानातली अळंबी खातात ती कशी? ती आंधळेपणाने खात नाहीत. कोणत्या महिन्यात, कोणत्या पावसानंतर, कोणत्या वारुळावर काय उगवतं हे ज्ञान आईकडून लेकीला मिळत आलं आहे. विदर्भात जिला सात्या म्हणतात, कोकणात आणि गोव्यात जिला अळमी म्हणतात, ती वारुळावरची अळंबी वाळवीच्या सोबतीने वाढते. आजवर तिची बाजारासाठी लागवड कुणाला जमलेली नाही. म्हणजे ती बाई जे विकते ते कुठल्याही कारखान्यात किंवा शेडमध्ये तयार होत नाही. आपल्या वसाहतीत झारखंडहून आलेला कुणी कामगार भेटला तर त्याला खुखडी आणि रुगड्याबद्दल विचारून पाहा. पावसाळ्यात त्याच्या गावी याच वस्तूंचा बाजार भरतो.

आता आपल्या बचतीचा दुसरा अर्थ पाहू या. किराण्यात पैसे वाचवायचे तर संध्याकाळी बाजारात जा, भाव उतरलेले असतात, असं आपण एकमेकींना सांगतो. मोठ्या दुकानात तारीख संपत आलेलं पाकीट निम्म्या किमतीत मिळालं तर जरूर घ्या, तिथे कुणाची चूल विझत नाही. पण रस्त्याच्या कडेला पानांच्या पुड्या मांडून बसलेल्या बाईची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली आहे, हे पाहून आपण निम्म्याने मागितलं, तर जे आपलं वाचलं ते तिचं गेलं. ती नाही म्हणू शकत नाही, कारण तिचा माल उद्या उरणार नाही. दोन्हीकडे खरेदी स्वस्तात झाली, पण ती सारखी नाही.

आपल्याला योसेफाची गोष्ट पाठ आहे. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने धान्य साठवलं आणि दुष्काळात लोकांचे प्राण वाचवले. शब्बाथ शाळेत आपण गोष्ट बहुधा इथेच थांबवतो. उत्पत्तीचं पुस्तक पुढेही सांगतं. भुकेल्या लोकांनी आधी पैसे दिले, मग गुरं दिली, शेवटी जमिनी दिल्या आणि ते फारोचे दास झाले. कोठाराने जीव वाचले हे खरं, आणि ज्याच्याकडे कोठार होतं त्याच्याच हाती सगळं गेलं हेही खरं. दुसरीकडे रूथची गोष्ट आहे. तिथे शेताचे कोपरे आणि गळालेली कणसं गरिबासाठी सोडायची असं नियमशास्त्रच होतं, आणि बवाजाने त्याहून थोडं जास्तच सोडलं. साठवण चांगलीच आहे. पण साठवण्याची सोय कुणाच्या हातात आहे, हे ख्रिस्ती माणसाने विचारलं पाहिजे.

म्हणून मला वाटतं, बरणी पाड्यावरही असली पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. मोठी गोष्ट आहे. तरीही मोहाची फुलं वेचून वाळवली आणि घरात पैसा नाही म्हणून हंगामातच मिळेल त्या भावाला घालावी लागली, तर हक्काचा उपयोग अर्धाच होतो. थांबता येण्यासाठी कोरडी जागा लागते, हवाबंद डबा लागतो आणि दोन महिने घर चालेल एवढी गाठीला रक्कम लागते.

अळंबीच्या बाबतीत हे जमण्यासारखं आहे. धिंगरीला शेती लागत नाही, सावलीची झोपडी आणि भाताचा पेंढा लागतो, आणि भात पिकवणाऱ्या पाड्यावर दोन्ही मिळतं. ताजी दहा किलोची टोपली घेऊन एसटीने शहर गाठायचं म्हणजे अर्धा माल रस्त्यातच मऊ पडतो. तीच वाळवली तर एक किलोचं गाठोडं होतं, पिशवीत मावतं आणि आज गाडी चुकली तर उद्याही चालतं. शिकायची सोय आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचं केंद्र आहे, जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. देशाची मुख्य संशोधन संस्था हिमाचलात सोलनला आहे.

आपण काय करू शकतो

तीन गोष्टी मागते.

पहिली, या हिवाळ्यात पाच-पाच घरांचे गट करा आणि प्रत्येक गटाने एकदा तरी वाळवण करा. खर्च किती, उरलं किती, टाकून देणं किती वाचलं, हे वहीत लिहा. दुसऱ्याला शिकवायचं तर स्वतःच्या हातचं असलं पाहिजे. पाड्यावरच्या बाईपुढे आपण कागद घेऊन गेलो तर ती ऐकून घेईल. बरणी घेऊन गेलो तर ती प्रश्न विचारील.

दुसरी, वाचलेल्या पैशातला काही भाग वेगळा काढा. किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. तो सेवाकार्याला द्याल तेव्हा त्यातून जाळीच्या चौकटी, काचेच्या बरण्या, हवाबंद डबे यांसाठी द्या. एका चौकटीला फार खर्च येत नाही, आणि ती वर्षानुवर्षं चालते.

तिसरी गोष्ट खर्चाची नाही, पण मला वाटतं सर्वांत अवघड तीच आहे. रस्त्याच्या कडेला रानमेवा, करवंदं, रानभाजी किंवा अळंबी घेऊन बसलेली बाई दिसली, तर सकाळी जो भाव ती सांगते तोच संध्याकाळी द्या. दहा रुपयांसाठी गाडीचा दरवाजा लावायचं नाटक करू नका. आपण तिच्यासाठी प्रार्थना करणारी माणसं आहोत. प्रार्थनेत तिचं नाव आणि बाजारात तिच्याशी घासाघीस, हे एका तोंडाला शोभत नाही.

घरी गेल्यावर आधी फ्रिज उघडून बघा. पाकिटात चार अळंब्या उरल्या असतील तर आज रात्रीच पुसून, चिरून ठेवा. उद्या ऊन चांगलं पडलं तर सकाळी नऊपर्यंत त्या जाळीवर गेल्या पाहिजेत.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो, आणि पाड्यांवरच्या हातांनाही. सर्वांना सलाम.